एलिस ॲव्हेन्यूवरील कांस्याकृती

अमेरिकेतील आप्तांकडे जाऊन आलेली आपली मंडळी परतल्यावर नायगाराचे वर्णन करतात, न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेची छायाचित्रे दाखवितात. शिकागोला गेलेली असतील तर बार्टलेट येथील जैन मंदिराचे दर्शन आणि भर शहरातील आरशासारखे चकाकणारे, लोकांनी 'बीन' असे नाव ठेवलेले प्रचंड शिल्प यांचा उल्लेख हटकून होतो. त्याच शहराच्या दक्षिण अंगास, विद्यापीठाच्या आवारात, दोन पुरुष उंचीची एक काळसर कांस्याकृती उभी आहे. तिच्यासाठी वाट वाकडी करणारे प्रवासी थोडेच. पिंपळगाव बसवंतसारख्या बाजारपेठेच्या गावातून गेलेल्या माणसाने ती पाहावी आणि तिच्याविषयी लिहावे, याचे पहिले कारण काहीसे व्यावसायिक आहे. आमच्या घरी तीन पिढ्यांचे भांड्यांचे दुकान. धातूची कोणतीही वस्तू समोर आली की आधी हात तिच्याकडे जातो, डोळा मागून. दुसरे कारण या लेखात पुढे, लासलगावच्या वाटेवर येईल.

शहराच्या मध्यभागातून विजेवरची उपनगरी गाडी मिशिगन सरोवराच्या काठाने दक्षिणेस जाते. एकोणसाठाव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरले की मिडवे प्लेझन्स ही जवळजवळ मैलभर लांबीची हिरवळ लागते. १८९३ साली शिकागोत जे जागतिक प्रदर्शन भरले, त्यातील करमणुकीचा भाग या हिरवळीवर होता. जॉर्ज फेरिस नावाच्या अभियंत्याने बांधलेला २६४ फूट उंचीचा लोखंडी आकाशपाळणा येथेच फिरत असे. हिरवळीच्या उत्तरेस शिकागो विद्यापीठाच्या करड्या दगडी इमारती सुरू होतात. त्यांचे उंच मनोरे आणि कमानी पाहून हे विद्यापीठ सात-आठशे वर्षांचे असावे असे वाटते. प्रत्यक्षात त्याची स्थापना १८९० सालची. संपूर्ण आवारालाच १९९७ मध्ये वनस्पती-उद्यानाचा दर्जा मिळाला, त्यामुळे इमारतींमध्ये बाग आहे की बागेत इमारती, हे सांगणे कठीण. आम्ही गेलो तो ऑक्टोबरचा महिना. आपल्याकडे द्राक्षबागांची छाटणी चालू होती, आणि तेथे झाडे न छाटताच आपला पर्णसंभार पिवळ्या-तांबड्या रंगात उतरवून ठेवीत होती.

बागेच्या पश्चिमेकडील एलिस ॲव्हेन्यूवर, पदपथाच्या कडेला एका मोकळ्या फरसबंद चौकात ती आकृती आहे. प्रथमदर्शनी ती कशाचीच नाही. वरचा भाग गोल, गुळगुळीत, घुमटासारखा. खाली जाड, ओबडधोबड खांब, त्यांच्यामध्ये पोकळ्या. त्या पोकळ्यांत वाकून एखादे मूल सहज शिरू शकेल. सोबत भाच्याची नऊ वर्षांची मुलगी होती. ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "आजोबा, हे हेल्मेट आहे." प्रदक्षिणा घालता घालता तिचे मत बदलले, मागून तिला ते दाढेसारखे दिसले. भाच्याला अळंबी दिसली. मला एका बाजूने माणसाची कवटी दिसली, आणि ती एकदा दिसल्यावर काही केल्या दिसेनाशी होईना.

मी सवयीने बोटाच्या पेराने आकृतीवर हलकेच वाजवून पाहिले. आत पोकळ असल्याचा खोल, लांब रेंगाळणारा नाद आला. कांसे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू, आणि ते बोलल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच आपल्या मंदिरांतील घंटा त्याच्या असतात. आमच्या नाशिकच्या तांबट आळीत पत्रा ठोकून भांडे घडवितात. हे काम वेगळ्या जातीचे. शिल्पकार आधी तळहातावर मावेल एवढा नमुना करतो, मग मध्यम, मग पूर्णाकृती. त्यावरून साचे घेतात, त्यांत धातूचा रस ओततात, आणि निरनिराळे तुकडे जोडून सांधे घासून एकजीव करतात. सांधे शोधण्याचा मी कसोशीने प्रयत्न केला. ओतणाऱ्याचा हात उत्तम होता, एवढेच म्हणतो.

हे शिल्प इंग्लंडचे हेन्री मूर यांचे. यॉर्कशायरमधील कॅसलफर्ड या गावी १८९८ साली एका कोळसा खाणकामगाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूची बाधा त्यांनी स्वतः सोसली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आसरा घेऊन निजलेल्या माणसांची त्यांनी काढलेली रेखाटने प्रसिद्ध आहेत. हाडे, गारगोट्या, झिजलेले दगड गोळा करून त्यांच्या आकारांतून शिल्प शोधण्याची त्यांची रीत होती. शिल्पाचे नाव 'न्यूक्लिअर एनर्जी', म्हणजे अणुऊर्जा. आधी मूर यांनी त्याला 'ॲटम पीस' म्हटले होते. इंग्रजीत 'तुकडा' आणि 'शांतता' या अर्थांचे शब्द वेगळे लिहितात, उच्चार मात्र एकच. ऐकणाऱ्याने शांतता असा अर्थ घेऊ नये म्हणून ते नाव विद्यापीठात टिकले नाही. देवनागरीत तर दोन्ही शब्द लिहिण्यातही एकच आहेत! या शिल्पाचा लहान नमुना हिरोशिमाच्या कलासंग्रहालयात ठेवलेला आहे, आणि तेथे त्याचे नाव अजून 'ॲटम पीस' हेच आहे.

हिरोशिमाचे नाव का निघावे, हे कळण्यासाठी त्या चौकाची कथा ठाऊक हवी. आज जेथे शिल्प आहे तेथे पूर्वी विद्यापीठाचे क्रीडांगण होते. त्याच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखाली स्क्वॉश या चेंडूफळीच्या खेळासाठी बांधलेल्या बंदिस्त जागेत, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, एन्रिको फर्मी या इटालियन शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काळ्या ग्राफाइटच्या विटा एकावर एक रचल्या जात होत्या. थर झाले सत्तावन्न. मधल्या विटांच्या पोकळ्यांत युरेनियम भरलेले. थंड ठेवण्याची व्यवस्था नाही, किरणांपासून आडोसा नाही. काही बिघडलेच तर दोर तोडून नियंत्रक दांडा आत पडू द्यावा म्हणून एक शास्त्रज्ञ हातात कुऱ्हाड घेऊन उभा होता. २ डिसेंबर १९४२ च्या दुपारी माणसाच्या हातून प्रथमच अणूंची साखळी प्रक्रिया चालू झाली आणि माणसाच्याच हातून थांबली. तिची शक्ती किती, तर अर्धा वॅट. तेवढ्यात विजेरीचा दिवाही धड पेटणार नाही. लाखोंच्या वस्तीच्या भर शहरात हा प्रयोग होत होता आणि शहराला त्याची कल्पना नव्हती; विद्यापीठाच्या अध्यक्षांनाही त्या दिवसाविषयी आधी सांगितले गेले नव्हते. व्यवहारात भागीदारास न विचारता केवढी जोखीम घ्यावी, याचा विचार करणाऱ्या वाचकांनी येथे थोडे थांबावे.

अडीच-पावणेतीन वर्षांनी, ऑगस्ट १९४५ मध्ये, हिरोशिमा आणि नागासाकी ही दोन शहरे भस्मसात झाली आणि लाखाहून अधिक माणसे मेली. नागासाकीवर टाकलेल्या बाँबमधील प्लुटोनियम, या ग्राफाइटच्या ढिगाच्या वंशातीलच मोठ्या भट्ट्यांत तयार झाले होते.

आता लासलगावच्या वाटेवर येतो. आमच्या पिंपळगावहून निफाड तालुक्यातील ती दुसरी मोठी बाजारपेठ फार दूर नाही. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' नावाचे केंद्र २००२ पासून आहे. कोबाल्ट-६० या द्रव्यातून निघणाऱ्या किरणांच्या मार्गातून कांद्याच्या पेट्या नेल्या की कांद्याला मोड येत नाहीत आणि माल साठवणुकीत टिकतो. २००७ मध्ये भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ पुन्हा खुली झाली, ती अशाच प्रक्रियेच्या अटीवर, आणि लासलगावहून प्रक्रिया होऊन आंबे तिकडे गेले. तो कोबाल्टही अणुभट्टीतच तयार करावा लागतो. १९६९ पासून तारापूरची वीज महाराष्ट्राला मिळते, कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार मिळतात. हा सारा परिवार शोधत मागे गेलो तर वंशवृक्षाचे मूळ त्या स्क्वॉशच्या खोलीतच सापडते. म्हणजे त्या अर्ध्या वॅटच्या एका टोकाला नागासाकी आहे आणि दुसऱ्या टोकाला आमच्या शेजारच्या बाजारातील कांद्याची पेटी.

अशा घटनेचे स्मारक कसे करावे? फर्मींचा पूर्णाकृती पुतळा उभारला असता तर तो विजयस्तंभ झाला असता. जळालेल्या शहराचे दृश्य कोरले असते तर ते आरोपपत्र झाले असते. मूर यांनी वरच्या घुमटात कवटी आणि अणुस्फोटाचा ढग एकाच वळणात बसविले, आणि खालच्या भागाला त्यांनी स्वतःच प्रार्थनामंदिराच्या कमानींची उपमा दिली आहे. माणूस खाली आसरा शोधू शकतो, आणि वर पाहिले तर तेच छत कवटी होते. ओळखू न येणे हा या आकृतीचा दोष नव्हे. ती एकच एक ओळख देती, तर तिने अर्धी घटना लपविली असती.

येथे आपल्या वाचकांना अनेकांतवादाचा दाखला आठवेल, आणि हत्ती चाचपणारे आंधळेही आठवतील. मलाही तो मोह झाला होता. पण तो दाखला येथे पुरता लागू पडत नाही. त्या गोष्टीत प्रत्येकाच्या हाती हत्तीचा एकेक अवयव लागतो, आणि सारे मिळून हत्ती पूर्ण होतो. येथे कवटी आणि आसरा यांची बेरीज करून काही पूर्ण होत नाही. दोन्ही पूर्णच आहेत, आणि एकाच धातूत आहेत. हे अधिक अस्वस्थ करणारे आहे.

अमूर्त शिल्प म्हटले की आपल्याकडे 'आम्हांला त्यातले काही कळत नाही' असे म्हणून हात झटकण्याची रीत आहे. मला ती खोट्या नम्रतेची वाटते. आपल्या जिल्ह्यातच मांगीतुंगीच्या डोंगरात भगवान ऋषभदेवांची १०८ फुटांची पाषाणमूर्ती २०१६ मध्ये प्रतिष्ठित झाली. तिच्यासमोर कोणालाही काही समजावून सांगावे लागत नाही, हे खरे. परंतु अनेक दिगंबर मंदिरांत पितळेची एक लहानशी सिद्धप्रतिमा असते, ती आठवून पाहावी. पत्र्याच्या मधोमध मानवाकृती कापून काढलेली असते. राहते ती फक्त कड, आणि मधली रिकामी जागा. देहापासून मुक्त झालेल्या आत्म्याला धातूत कसे दाखवावे, या प्रश्नावर आपल्या कारागिरांनी कित्येक शतकांपूर्वी धातू काढून टाकून उत्तर दिले. भांड्याच्या दुकानात बसणाऱ्या माझ्यासारख्याला त्या कारागिराचे विशेष कौतुक वाटते, कारण आमच्याकडे सारा हिशेब वजनावर. ज्या समाजाच्या देव्हाऱ्यात पोकळीची पूजा होते, त्याने एलिस ॲव्हेन्यूवर बिचकण्याचे कारण नाही.

शिल्पाच्या खर्चाची चौकशी केल्याविना आपले समाधान होत नाही, तशी ती मी केली, आणि एक सुरेख कथा हाती लागली. बेंजामिन फर्ग्युसन नावाचे शिकागोत इमारती लाकडाचे व्यापारी होते. आपल्या भाषेत वखारवाले. १९०५ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा मृत्युपत्राने त्यांनी दहा लाख डॉलर शहराच्या कलासंस्थेच्या विश्वस्तांकडे ठेवले. अट अशी, की त्याच्या व्याजातून अमेरिकेतील थोर स्त्री-पुरुषांची किंवा इतिहासातील महत्त्वाच्या घटनांची स्मारके दगडात वा कांस्यात करून शहराच्या रस्त्यांवर आणि बागांत उभारावीत. मुद्दलास हात लावावयाचा नाही. त्या व्याजातून शहरात कारंजी आणि पुतळे उभे राहिले. पुढे विश्वस्तांनी 'स्मारक' या शब्दात इमारतही येते असा अर्थ न्यायालयाकडून मंजूर करून घेतला आणि त्या पैशातून संस्थेचीच एक इमारत १९५८ मध्ये बांधली. कलावंतांनी आक्षेप घेतला, आणि तो मला रास्त वाटतो. आपल्याकडील ज्या वाचकांनी न्यासाच्या सभांत बसून एकेका शब्दाचा कीस काढलेला आहे, त्यांना ही हकिगत परकी वाटणार नाही. इमारत झाल्यावर व्याज पुन्हा स्मारकांकडे वळले आणि त्यातूनच मूर यांच्या शिल्पाचा खर्च झाला. २ डिसेंबर १९६७ रोजी, प्रयोगाला बरोबर पंचवीस वर्षे होत असताना, दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी त्याचे अनावरण झाले. फर्ग्युसनशेठ गेले तेव्हा अणूच्या गर्भात काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याची कल्पनाही करता येत नाही अशा घटनेसाठी त्यांनी पैसा ठेवून दिला होता, आणि शिल्पावर त्यांची मुद्रा नाही.

त्या कलासंस्थेच्या इमारतीशी आपलेही एक नाते आहे. विद्यापीठापासून सातेक मैलांवर, मिशिगन ॲव्हेन्यूवर ती इमारत आहे. १८९३ च्या सप्टेंबरात सर्वधर्मपरिषद तेथे भरली, आणि महुवा येथे जन्मलेले, त्या वेळी तिशीही न गाठलेले वीरचंद राघवजी गांधी तेथेच जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून बोलले. आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराजांना निमंत्रण होते. साधूंना समुद्रप्रवास वर्ज्य, म्हणून त्यांनी वीरचंदभाईंना तयार करून धाडले. परत येऊन १९०१ साली, सदतिसाव्या वर्षी ते वारले. बार्टलेटच्या मंदिरात त्यांचा पुतळा आहे. पुतळाच असावयास हवा होता, कारण तेथे स्मरण एका माणसाचे आहे: पगडी घातलेल्या, समुद्र ओलांडून आलेल्या, ठाम बोलणाऱ्या माणसाचे. माणसाला पुतळा शोभतो. घटनेला शोभेलच असे नाही.

हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या परिसरातील एका शिक्षणसंस्थेच्या बागेत काय उभारावे यावर बरेच दिवस खल चालू आहे. देणगीदारांचा अर्धपुतळा, असा बहुमताचा कल. माझे मत पडले ते असे, की दात्याचे नाव फलकावर असावे आणि बागेत मुलांना ज्याच्याभोवती फिरून प्रश्न पडतील असे काही असावे. फिरता फिरता पाच मिनिटांत तीन मते बदलणारी नऊ वर्षांची मुलगी मी पाहिली आहे. अद्याप निर्णय झालेला नाही. अर्धपुतळ्यास लागणाऱ्या धातूचा भाव मात्र मलाच विचारण्यात आला.

शिल्पामागे, जुन्या क्रीडांगणाच्या जागी, १९७० पासून विद्यापीठाचे रेगेन्स्टाइन ग्रंथालय आहे. त्याचा उल्लेख टाळता येत नाही. साठच्या दशकात अमेरिकेने आपल्याला गहू दिला. त्याच्या किमतीचे रुपये भारतातच साठत, आणि त्या रुपयांतून भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतील निवडक ग्रंथालयांना पाठविली जात. शिकागो त्यांतील एक. गहू आपण खाल्ला, पुस्तके तिकडे राहिली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आज घरबसल्या संगणकावर पाहता येतात, तेही याच विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे. ज्या जमिनीवर पहिली अणुभट्टी पेटली, तिच्यावर आता मराठी पुस्तके उभी आहेत, याची नोंद करून ठेवावीशी वाटली.

प्रयोगाला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा, २ डिसेंबर २०१७ रोजी, त्साई ग्वो-च्यांग या चिनी कलावंताने येथे आकाशात रंगीत धुराचा अळंबीच्या आकाराचा ढग उडविला. तो काही क्षणांत विरला. मी त्याची छायाचित्रे पाहिली; सुंदर होती, आणि त्यामुळेच मला ती पटली नाहीत. कांसे निदान सुंदर होण्याची घाई करीत नाही.

मूळ ग्राफाइटचा ढीग मात्र त्या चौकात नाही. १९४३ मध्ये तो उकलून शहराच्या नैर्ऋत्येस वीसेक मैलांवरील जंगलात नेला आणि तेथे पुन्हा रचला. पुढे त्याची व नंतर बांधलेल्या दुसऱ्या एका भट्टीची उपयुक्तता संपली, तेव्हा १९५६ च्या सुमारास दोन्ही तेथेच जमिनीत पुरण्यात आल्या. रेड गेट वुड्स असे त्या वनाचे नाव. दुसऱ्या दिवशी भाच्याने आम्हांला तेथे नेले. ओक वृक्षांमधून पायवाट जाते, सायकलस्वार भेटतात, कुत्री फिरवणारे लोक नमस्कारादाखल मान हलवितात. एका मोठ्या ग्रॅनाइटच्या दगडावर भट्ट्या पुरल्याची माहिती कोरली आहे. बऱ्याच अंतरावर गवतात दुसरी, बुटकी, चौकोनी शिळा आहे. हिच्यात अमूर्त असे काहीच नाही. येथे खणू नये. या जागी किरणोत्सर्गी द्रव्य पुरले आहे. भेट देणाऱ्यांना धोका नाही, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर आहे. भाच्याच्या मुलीने तो मोठ्याने वाचला, बोटाने अक्षरे गिरवली, आणि मला विचारले की धोका नसेल तर खणायचे का नाही. भाचा गाडीची किल्ली शोधू लागला.